कलम ४५ आणि काकांची पॉलिसी

सुरुवातीलाच सांगून टाकते. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. तिथे वर्गात मराठी बोललं की पाच रुपये दंड असायचा. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सापडल्या तर संपादक मंडळाला दोष देऊ नका, मला द्या. मराठी विभागासाठी लिहायचं म्हटल्यावर मैत्रिणींनी कविता सुचवली. पण मला लिहायचं होतं विम्याच्या कायद्यावर. "बोअर!" असं तुम्ही म्हणाल. मीही म्हटलं असतं, दीड वर्षापूर्वी.

माझे काका कराडला पिठाची गिरणी चालवायचे. जून २०२० मध्ये, लॉकडाऊनच्या भीतीच्या दिवसांत, त्यांनी पाच लाखांची आयुर्विमा पॉलिसी घेतली. एजंट ओळखीचाच होता. गिरणीतच बसून, चहा पिता पिता त्याने फॉर्म भरला. फॉर्म इंग्रजीत, काकांची सही मराठीत. ऑक्टोबर २०२३ मध्ये काका हार्ट ॲटॅकने गेले. मार्च २०२४ मध्ये कंपनीचं पत्र आलं: मधुमेह असल्याचं लपवलं, म्हणून दावा नामंजूर. काकांना २०१८ पासून मधुमेह होता हे खरं. एजंटाला ते माहीत होतं हेही खरं. फॉर्मवर त्या प्रश्नापुढे "नाही" वर टिक होती, हेही खरंच.

काकूंनी ते पत्र कपाटात, साड्यांच्या खाली ठेवून दिलं. एवढी मोठी कंपनी, एवढं इंग्रजी पत्र, म्हणजे विषय संपला. दिवाळीच्या सुट्टीत मी कराडला गेले तेव्हा काकू म्हणाल्या, "तू इंग्रजी शाळेत शिकलीस ना? एवढं वाचून दाखव बाई." मी वाचलं. शब्द सगळे कळले, अर्थ एकाचाही कळला नाही. तिथून माझा अभ्यास सुरू झाला. तो तुमच्यासमोर मांडते.

विमा म्हणजे शेवटी गणितच

आधी आपल्या भाषेत बोलूया. समजा आपल्या कॉलेजच्या पार्किंगमध्ये १,००० गाड्या आहेत आणि वर्षाला सरासरी शंभरात एक गाडी चोरीला जाते. म्हणजे वर्षाला अंदाजे १० चोऱ्या. गाडीची किंमत ६०,००० धरली तर एकूण नुकसान ६ लाख. प्रत्येकाने ६०० रुपये काढले की ज्याची गाडी गेली त्याला भरपाई मिळते. हाच विमा. बाकी सगळा तपशील.

पण एम-थ्री मध्ये शिकलेलं आठवा. सरासरी १० असली तरी स्टँडर्ड डेव्हिएशन साधारण ३ आहे. एखाद्या वर्षी १६ चोऱ्या झाल्या तर डबा रिकामा! आता हेच गणित एक लाख गाड्यांसाठी करा. सरासरी १,०००, आणि डेव्हिएशन फक्त ३२ च्या आसपास. म्हणजे चढउतार ३० टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आला. माणसं जितकी जास्त, तितका अंदाज पक्का. म्हणूनच विमा हा कॅन्टीनच्या भिशीसारखा दहा जणांत चालत नाही.

मग यात सरकारने नाक खुपसायचं कारण काय? कारण हा धंदा उलटा आहे. वडापाव घेताना पैसे देतो आणि लगेच चव कळते. विम्यात पैसे आज द्यायचे आणि माल मिळणार वीस वर्षांनी, तोही कदाचित घेणाऱ्याच्या पश्चात. मधल्या काळात लोकांचे प्रचंड पैसे कंपनीच्या हातात पडून असतात. ते उडवले तर? ज्याच्यासाठी पॉलिसी घेतली त्याला हे कळतं तेव्हा फार उशीर झालेला असतो. विम्याचा सगळा कायदा या एका "तर?" भोवती उभा आहे.

थोडा इतिहास (कंटाळू नका, यात मराठी माणूस आहे)

भारतात १८१८ साली कलकत्त्यात ओरिएंटल लाइफ इन्शुरन्स कंपनी निघाली. मुंबईत १८७० साली बॉम्बे म्युच्युअल आली. आयुर्विम्यासाठी १९१२ साली कायदा झाला, पण सगळा विमाधंदा एका चौकटीत बसवणारा कायदा आला १९३८ साली. तोच 'विमा कायदा, १९३८' दुरुस्त्या होत होत आजही आपला मूळ कायदा आहे. ब्रिटिशांच्या काळातलं यंत्र, पण सुटे भाग अनेकदा बदललेले!

कायदा होता तरी गैरव्यवहार थांबले नाहीत. काही मालकांनी विमेदारांचे पैसे आपल्याच इतर उद्योगांत वळवले. राष्ट्रीयीकरणाच्या आधीच्या दहा वर्षांत २५ आयुर्विमा कंपन्या बुडाल्या, आणि आणखी २५ इतक्या खिळखिळ्या झाल्या की त्यांचा धंदा दुसऱ्यांकडे सोपवावा लागला. शेवटी १९ जानेवारी १९५६ च्या संध्याकाळी अर्थमंत्री चिंतामणराव देशमुखांनी आकाशवाणीवरून आयुर्विम्याचं राष्ट्रीयीकरण जाहीर केलं. कंपन्यांना कागदपत्रं इकडेतिकडे करायला वेळ मिळू नये म्हणून आधी वटहुकूम, मग कायदा. २४५ कंपन्या व संस्था एकत्र करून १ सप्टेंबर १९५६ ला आयुर्विमा महामंडळ, म्हणजे आपली एलआयसी, सुरू झाली. गंमत बघा, तोपर्यंत देशमुख मंत्रिमंडळात नव्हते. मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी जुलैमध्येच राजीनामा दिला होता.

सरकारी झालं म्हणजे सुरक्षित झालं का? तसंही नाही. पुढच्याच वर्षी, १९५७ मध्ये, एलआयसीने हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांत सुमारे सव्वा कोटी रुपये गुंतवले, तेही स्वतःच्या गुंतवणूक समितीला डावलून. संसदेत फिरोज गांधींनी हे प्रकरण लावून धरलं. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश एम. सी. छागला यांनी उघड चौकशी केली आणि १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना राजीनामा द्यावा लागला. यातून मी एकच धडा घेतला. मालक खासगी असो की सरकारी, दुसऱ्याचा पैसा सांभाळणाऱ्यावर तिसऱ्या कुणाची तरी नजर हवीच.

जनरल इन्शुरन्सचं, म्हणजे आग, वाहन, सागरी वगैरे विम्याचं राष्ट्रीयीकरण १ जानेवारी १९७३ पासून झालं. १०७ कंपन्यांच्या चार झाल्या. पुढे १९९३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे माजी गव्हर्नर आर. एन. मल्होत्रा यांची समिती नेमली गेली. तिने दारं उघडण्याची आणि स्वतंत्र नियामक नेमण्याची शिफारस केली. १९९९ च्या कायद्याने विमा नियामक व विकास प्राधिकरण, म्हणजे 'इर्डा' जन्माला आलं. आज त्याचं मुख्यालय हैदराबादला आहे. २००० पासून खासगी कंपन्या परत आल्या. परदेशी भांडवलाची मर्यादा आधी २६ टक्के होती, २०१५ मध्ये ४९ झाली, २०२१ मध्ये ७४, आणि डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने ती १०० टक्क्यांवर नेणारी दुरुस्ती मंजूर केली.

फॅक्टर ऑफ सेफ्टी दीड

आता कायदा नेमकं काय करतो ते पाहू. पहिली गोष्ट म्हणजे हा विषय पूर्णपणे केंद्राचा आहे. राज्यघटनेच्या सातव्या परिशिष्टात, संघसूचीत ४७ व्या क्रमांकावर 'विमा' आहे. अमेरिकेत प्रत्येक राज्याचा विमा आयुक्त वेगळा असतो. आपल्याकडे कराड असो की कोहिमा, कायदा एकच.

दुसरी गोष्ट म्हणजे दारावरची तपासणी. आयुर्विमा, जनरल किंवा आरोग्य विमा कंपनी काढायची तर कायद्याने किमान १०० कोटींचं भरणा झालेलं भांडवल लागतं. शिवाय आयुर्विमा आणि जनरल विमा एकाच कंपनीला करता येत नाही. वीस वर्षांनी द्यायचा पैसा उद्याच्या पुरात वाहून जाऊ नये, हा त्यामागचा विचार.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात आवडली, कारण ती आपल्या स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्सच्या तासातून उचलल्यासारखी आहे. कंपनीची मालमत्ता तिच्या देण्यांपेक्षा जास्त हवी, हे उघडच आहे. पण किती जास्त? याला 'सॉल्व्हन्सी मार्जिन' म्हणतात. धंद्याचा आकार आणि जोखीम बघून ते किमान किती असावं याचं सूत्र ठरलेलं आहे. प्रत्यक्षात कंपनीकडे त्या किमान आकड्याच्या दीडपट मार्जिन असावं लागतं. म्हणजे फॅक्टर ऑफ सेफ्टी १.५! पूल बांधताना आपण जसं म्हणतो की भार अंदाजापेक्षा जास्त येऊ शकतो, तसंच इथे.

हा हिशोब मांडतो ॲक्च्युअरी, म्हणजे विमागणितज्ञ. प्रत्येक आयुर्विमा कंपनीला असा माणूस नेमावाच लागतो आणि तो नियामकाच्या मान्यतेनेच नेमला जातो. कोणत्या वयाला किती हप्ता, किती राखीव ठेवायचे, हे त्याच्या सहीशिवाय हलत नाही. गणितात नोकरी नाही म्हणणाऱ्यांनी नोंद घ्यावी.

चौथी गोष्ट गुंतवणुकीची. आयुर्विम्याच्या पारंपरिक निधीतला किमान निम्मा भाग केंद्र-राज्य सरकारच्या आणि मान्यताप्राप्त रोख्यांतच ठेवावा लागतो. विमेदारांचा पैसा देशाबाहेर गुंतवायला बंदी आहे. मुंदडा प्रकरणाची आठवण ठेवली तर हे नियम का आले ते कळतं.

आणि तरीही कंपनी गडबडली तर? नियामक प्रशासक नेमू शकतो. २०१७ मध्ये सहारा इंडिया लाइफवर असा प्रशासक नेमून नवीन पॉलिसी विकायला बंदी घालण्यात आली. एलआयसीच्या बाबतीत तर कायद्याच्या ३७ व्या कलमानुसार विम्याची रक्कम आणि जाहीर बोनस यांना केंद्र सरकारची हमी आहे. आजी म्हणायची, "एलआयसी म्हणजे सरकार." ती अगदीच चुकीची नव्हती.

तुमच्या टू-व्हीलरचं काय?

हे सगळं मोठ्यांचं झालं. आता पार्किंगमध्ये परत या. आपल्यापैकी बहुतेकांनी आयुष्यात घेतलेला (किंवा बाबांनी घेऊन दिलेला) पहिला विमा म्हणजे गाडीचा थर्ड पार्टी विमा. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १४६ नुसार तो सक्तीचा आहे. हा विमा तुमच्या गाडीसाठी नसतोच! तुमच्या गाडीमुळे रस्त्यावरच्या दुसऱ्या माणसाचं नुकसान झालं तर त्याच्यासाठी असतो. त्या माणसाने तुमच्या कंपनीशी कधी करार केलेला नसतो, तरी कायदा त्याला हक्क देतो. मृत्यू किंवा दुखापत झाल्यास न्यायाधिकरण जी भरपाई ठरवेल ती कंपनीला द्यावी लागते, तिला रकमेची वरची मर्यादा नाही.

बाकीच्या विम्यांचे दर कंपन्या ठरवतात. जनरल विम्याचे बरेचसे ठरावीक दर २००७ पासून मोकळे झाले. पण थर्ड पार्टीचा दर अजूनही सरकार ठरवतं. २०२२ च्या दरपत्रकात ७५ ते १५० सीसीच्या दुचाकीसाठी तो वर्षाला ७१४ रुपये होता. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर सप्टेंबर २०१८ पासून नवी दुचाकी घेताना हा विमा एकदम पाच वर्षांचा घ्यावा लागतो. कारण लोक पहिल्या वर्षानंतर तो नव्याने भरतच नव्हते. विमा नसताना पकडलं तर पहिल्या वेळी २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पण दंड ही खरी भीती नव्हे. विमा नसताना कुणाला धडक बसली तर भरपाईची रक्कम तुमच्या घरावर येते, हे लक्षात ठेवा.

आणखी एक कलम, ६४ व्हीबी: हप्ता आधी हातात पडल्याशिवाय कंपनीने जोखीम घ्यायचीच नाही. म्हणजे "सोमवारी भरतो, आज चालवतो" हे चालत नाही. तहान लागल्यावर विहीर खोदायची सोय कायद्याने ठेवलेली नाही.

आता काकांची गोष्ट

विम्याचा करार हा दोन्ही बाजूंच्या संपूर्ण प्रामाणिकपणावर उभा असतो. माझ्या तब्येतीची माहिती फक्त मला असते. मी ती लपवली तर माझी जोखीम कमी दिसते आणि त्याचा भुर्दंड बाकीच्या विमेदारांना बसतो. म्हणून खोटी माहिती दिली तर कंपनी करार मोडू शकते. हे न्याय्यच आहे.

पण मग एक धोका उरतो. कंपनी वीस वर्षं आनंदाने हप्ते घेईल आणि माणूस गेल्यावर जुने कागद उकरून म्हणेल, "अमुक माहिती चुकीची होती!" ज्याला उत्तर देता आलं असतं तो तर गेलेला. यावर उपाय म्हणजे विमा कायद्याचं कलम ४५. जुन्या कलमात दोन वर्षांची मुदत होती, पण जाणूनबुजून केलेली फसवणूक दाखवली तर त्यानंतरही कंपनीला नकार देता यायचा. २०१५ च्या दुरुस्तीने चित्र बदललं. आता पॉलिसी दिल्यापासून तीन वर्षं झाली की कोणत्याही कारणावरून तिच्यावर प्रश्न उपस्थित करता येत नाही. कोणत्याही म्हणजे कोणत्याही, फसवणुकीच्या कारणावरूनसुद्धा. मात्र पॉलिसी बंद पडून पुन्हा चालू केली असेल तर तीन वर्षं त्या तारखेपासून मोजतात. याच कलमात आणखी एक ओळ आहे: जो माणूस पॉलिसी विकायला येतो तो, करार करण्यापुरता, कंपनीचाच प्रतिनिधी समजला जातो.

मी पॉलिसीचे कागद काढले. जून २०२० ते ऑक्टोबर २०२३. तीन वर्षं चार महिने. हप्ता एकही चुकलेला नाही. मी तीन वेळा बोटांवर मोजलं!

आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला पत्र लिहिलं. उत्तर तेच आलं. मग विमा लोकपालांकडे गेलो. ही व्यवस्था १९९८ च्या नियमांनी सुरू झाली, आता २०१७ चे नियम लागू आहेत. फी नाही, वकील नाही, ५० लाखांपर्यंतची तक्रार चालते. कंपनीने नकार दिल्यापासून एका वर्षाच्या आत जावं लागतं. आमच्या भागासाठी पुण्याचं कार्यालय आहे. जानेवारी २०२५ मध्ये मी मराठीत अर्ज लिहिला. शाळेत त्या भाषेसाठी जितके दंड भरले, ते त्या दिवशी वसूल झाले असं वाटलं.

एप्रिलमध्ये ऑनलाइन सुनावणी झाली. काकू माझ्या लॅपटॉपसमोर पदर सावरून ताठ बसल्या होत्या. कंपनीच्या माणसाने मधुमेहाचे रिपोर्ट दाखवायला सुरुवात केली. त्याला थांबवून दोनच प्रश्न विचारले गेले. पॉलिसी कधी दिली? मृत्यू कधी झाला? पुढे फार काही बोलणं झालं नाही. मे महिन्यात निकाल काकूंच्या बाजूने आला आणि महिन्याभरात पैसे खात्यात जमा झाले.

एक प्रामाणिक कबुली

मला आनंद झाला, पण एक गोष्ट टोचत राहिली. काकांच्या फॉर्मवरचं उत्तर चुकीचंच होतं. ते पाच लाख आकाशातून पडले नाहीत, इतर विमेदारांच्या हप्त्यांतून आले. मग आम्ही जिंकलो ते सत्यामुळे की तारखेमुळे?

खूप विचार केल्यावर मला असं वाटतं. कायद्याने कंपनीला तीन वर्षं दिली होती. तिच्याकडे डॉक्टर आहेत, तपासणीची सोय आहे, पैसा आहे. काकांकडे फक्त एक इंग्रजी फॉर्म आणि एक ओळखीचा माणूस होता. चूक शोधायची जबाबदारी ज्याच्याकडे साधनं आहेत त्याच्यावर टाकणं, आणि ती शोधायला मुदत घालणं, हाही न्यायाचाच प्रकार आहे. पण म्हणून फॉर्मवर खोटं लिहा असं मी मुळीच म्हणत नाही. काका चार महिने आधी गेले असते तर आज काकूंच्या हातात फक्त ते पत्र असतं.

कायद्याला अजून बरंच करायचं आहे. कमिशनसाठी चुकीची पॉलिसी गळ्यात मारणं थांबलेलं नाही. बँकेत लॉकर मागायला गेलं तरी पॉलिसी घेऊनच बाहेर पडणारे लोक मी पाहिलेत. पण हळूहळू सुधारणा होतेय. पॉलिसी न आवडल्यास परत करायची मुदत १५ दिवसांवरून २०२४ मध्ये ३० दिवस झाली. आरोग्य विम्यातही आता ६० महिने सलग हप्ते भरल्यावर आधीचा आजार सांगितला नव्हता म्हणून दावा नाकारता येत नाही, तिथे फसवणुकीचा अपवाद मात्र ठेवलेला आहे. आणि २०२४ पासून आरोग्य पॉलिसीबरोबर सोप्या भाषेतलं माहितीपत्रक द्यावं लागतं, आपण मागितलं तर ते स्थानिक भाषेतही. मागा! आपण मागत नाही म्हणून ते छापून पडून राहतं.

तर मित्रमैत्रिणींनो, पुढच्या सुट्टीत घरी जाल तेव्हा एक काम करा. कपाटातली ती प्लास्टिकची फाइल काढा. पॉलिसी कधीची आहे, मध्ये बंद पडली होती का, नॉमिनी कोण आहे, फॉर्मच्या प्रतीत आजारांपुढे काय लिहिलंय, ते आईबाबांना तुमच्या भाषेत वाचून दाखवा. काही चुकलं असेल तर आत्ताच कंपनीला लेखी कळवा. अर्धा तास लागेल.

काकूंनी गिरणी पुन्हा सुरू केली आहे. नवीन मोटर बसवली. गेल्या महिन्यात त्यांनी त्या मोटरचा आणि दुकानाचा विमा काढला. एजंट फॉर्म भरायला बसला तेव्हा त्यांनी मला फोन लावला आणि स्पीकरवर टाकून त्याला म्हणाल्या, "आता एकेक प्रश्न मोठ्याने वाचा. आणि मराठीत."

— तृतीय वर्ष, मेकॅनिकल